वेबकॅमचा दुभाष्या

मिरा रोड स्टेशनाच्या पूर्वेस, मिरा-भाईंदर रस्त्यावर, सिल्व्हर पार्क नांवाची वस्ती आहे. जुन्या दप्तरांत हें नांव शोधूं जाणाऱ्यास तें मिळावयाचें नाहीं. खाडी, मिठागरें आणि शेतें हेंच या बाजूचें पूर्वीचें रूप. येथें नगरपरिषद झाली ती १९८५ सालीं, आणि तिची महानगरपालिका झाली ती २००२ सालीं. मुंबईंत जागा परवडेना म्हणून उत्तरेकडे सरकलेल्या पगारदार, दुकानदार आणि कारागीर कुटुंबांनीं हा प्रदेश भरून काढिला. अशा वस्तीचा इतिहास बखरींत नसतो. तो तिच्या घरांतील माळ्यांवर असतो. एखाद्या खोक्यांत जुना फोन, वायरींचें भेंडोळें, आणि त्यांत गुरफटलेला, चिमट्यावर बसविलेला लिंबाएवढा वेबकॅम, हीं आमच्या मतें या पिढीचीं दप्तरेंच होत. त्या वेबकॅमबरोबर मिळालेली तबकडी बहुधा हरवलेली असते, आणि आमचा विषय त्या हरवलेल्या तबकडीचा आहे.

२४ मार्च २०२० रोजीं देशव्यापी टाळेबंदी जाहीर झाली आणि जूनपासून महाराष्ट्रांतील शाळा पडद्यावर भरूं लागल्या. त्या दिवसांत वेबकॅमची टंचाई जगभर झाली. कॅननसारख्या कंपनीनें तर आपला छायाचित्रणाचा मोठा कॅमेराच वेबकॅम म्हणून चालविण्याची आज्ञावली एप्रिल २०२० मध्यें काढिली. ज्यांच्यापाशीं असा कॅमेरा नव्हता त्यांनीं माळे धुंडाळिले. दहा-पंधरा वर्षें पडून राहिलेला वेबकॅम संगणकास जोडावा, त्याचा दिवा लागावा, कांच निर्मळ आणि तार शाबूत असावी, आणि तरीहि पडद्यावर 'अज्ञात उपकरण' एवढींच अक्षरें उमटावींत, असा अनुभव तेव्हां कित्येक घरांनीं घेतला. डोळा धडधाकट असून दृष्टि नाहीं, ही अवस्था कशानें येते, हें सांगावयाचें तर तीस-पस्तीस वर्षें मागें गेलें पाहिजे.

प्रथम ड्रायव्हर या शब्दाविषयीं. आमच्या भागांत ड्रायव्हर म्हटला कीं रिक्षाच डोळ्यांपुढें येते. संगणकांतील ड्रायव्हर मात्र कांहींएक हांकीत नाहीं. त्याचें खरें काम दुभाष्याचें. पेशव्यांच्या दरबारीं परक्याचा वकील येई, तेव्हां दोन्ही बाजू कितीहि शहाण्या असल्या तरी मधल्या दुभाष्यावांचून बोलणें पुढें सरकत नसे. तसेंच येथें आहे. वेबकॅममधील चिप आपल्या बोलींत चित्राचे आंकडे सांगत असते, विंडोज किंवा लिनक्स ही कार्यप्रणाली आपल्या बोलींत तें ऐकूं पाहते, आणि दोघांच्या मध्यें ड्रायव्हर नांवाची छोटी आज्ञावली बसलेली असते. दुभाष्या गेला कीं वकील आणि दरबार समोरासमोर मुके बसतात. दरबार बदलला, म्हणजे कार्यप्रणाली नवी आली, तरीहि तेंच होतें. कारण जुन्या दुभाष्यास नव्या दरबारची भाषा येत नसते.

वेबकॅमचा जन्म मोठा गंमतीचा आहे. केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेंत ट्रोजन रूम नांवाच्या खोलीबाहेर कॉफीचें एकच भांडें असे. दूरच्या मजल्यावरून यावें आणि भांडें रिकामें मिळावें, या त्रासाला कंटाळून तेथील मंडळींनीं १९९१ सालीं त्या भांड्याकडे तोंड करून एक कॅमेरा लाविला. १२८ बाय १२८ बिंदूंचें तें करडें चित्र प्रयोगशाळेंतल्या संगणकांवर दिसूं लागलें, आणि १९९३ च्या नोव्हेंबरांत तें जगाच्या जाळ्यावर चढलें. २२ ऑगस्ट २००१ रोजीं तो कॅमेरा बंद करण्यांत आला, आणि तें भांडें एका जर्मन वृत्तपत्रसंस्थेनें लिलावांत ३,३५० पौंडांस विकत घेतलें! तो कॅमेरा मात्र विद्वानांचा होता. त्याचा दुभाष्या त्यांनीं स्वतःच लिहिला होता, त्यामुळें तबकडी हरवण्याचा प्रश्न तेथें उद्भवला नाहीं.

घरगुती वेबकॅम आला तो १९९४ सालीं. कनेक्टिक्स या अमेरिकन कंपनीचा क्विककॅम हा वाटोळ्या चेंडूसारखा, ३२० बाय २४० बिंदूंचा आणि अवघ्या सोळा करड्या छटांचा होता, आणि तो केवळ मॅकिंटॉश संगणकास जोडतां येई. पुढें साध्या पीसीसाठीं निघालेला प्रकार छपाईयंत्राच्या खोबणींत जोडावा लागे, आणि त्याला वीज मिळावी म्हणून कीबोर्डच्या खोबणींतून दुसरा फांटा घ्यावा लागे. असा हा द्राविडी प्राणायाम होता. १९९८ सालीं हा सारा धंदा लॉजिटेकनें विकत घेतला. तोंवर यूएसबी ही जोडणी प्रचारांत येऊं लागली होती.

येथें मराठी वाचकास थोडें थांबवून एक गोष्ट सांगितल्यावांचून आम्हांस राहवत नाहीं. यूएसबीची पहिली संहिता जानेवारी १९९६ मध्यें सात कंपन्यांनीं मिळून प्रसिद्ध केली. त्या कामीं इंटेलमधील ज्या अभियंत्याचें नांव पुढें झालें, ते अजय भट्ट बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर. त्या विद्यापीठाची अभियांत्रिकी शाखा म्हणजे सयाजीराव गायकवाडांनीं १८९० सालीं स्थापिलेल्या कलाभवनाचा वारसा. आणि याच कलाभवनांत त्र्यंबकेश्वरचे धुंडिराज गोविंद फाळके शिकले होते! १९१२ सालीं दादासाहेबांनीं लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणिला, पण कच्च्या फिल्मला कडेचीं भोकें नसत; तीं काळोखांत यंत्रानें पाडावीं लागत, आणि तें काम सरस्वतीबाई फाळके यांनीं शिकून घेतलें. भोकांचें अंतर कॅमेऱ्याच्या दात्यांशीं जुळलें नाहीं तर फिल्म सरकणार कशी? ३ मे १९१३ रोजीं 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढें आला, त्याच्या मागें त्या अंधाऱ्या खोलींतील जुळवाजुळव होती. आम्हांस तर सरस्वतीबाईंचें तें काम ड्रायव्हरच्या कामाचें सख्खें भावंड वाटतें. भेद इतकाच कीं, भोकें किती अंतरावर पाडावयाचीं हें फाळक्यांपासून कोणी लपवून ठेविलें नव्हतें.

वेबकॅमच्या बाबतींत तें लपविलें गेलें. आणि लपविण्यास एक अंकगणिताचें निमित्त होतें, तें वाचकांनीं कृपा करून पाहावें. ६४० बाय ४८० बिंदूंच्या चित्रांत ३,०७,२०० बिंदु. प्रत्येकास दोन बाइट, आणि हालचाल डोळ्यास सलग दिसावी म्हणून सेकंदास तीस चित्रें, असें धरलें तर सेकंदास १,८४,३२,००० बाइट, म्हणजे सुमारें चौदा कोटी पंचाहत्तर लाख बिट होतात. जुन्या यूएसबीची वाट मात्र सेकंदास जास्तींत जास्त एक कोटी वीस लाख बिटांची. बाराहून अधिक पट माल आणि एवढीशी गल्ली! तेव्हां चित्र कॅमेऱ्यांतच चेपून पाठवावें आणि संगणकांत उलगडावें, एवढाच मार्ग उरला. चेपण्याची युक्ति ज्या त्या चिपवाल्याची निराळी होती, आणि ती धंद्याचें गुपित मानली गेली. उलगडण्याची किल्ली तबकडींतील ड्रायव्हरांत बंद करून गिऱ्हाइकास दिली जाई. गिऱ्हाइकानें पैसे वेबकॅमचे दिले, किल्ली मात्र त्याच्या मालकीची कधींच झाली नाहीं.

या गुपिताचा तमाशा २००४ सालीं उघड्यावर झाला. फिलिप्सच्या वेबकॅमांसाठीं नेमोसॉफ्ट या टोपणनांवानें लिहिणाऱ्या एका गृहस्थांनीं लिनक्सचा ड्रायव्हर केला होता. फिलिप्सशीं गुप्ततेचा करार असल्यामुळें त्याचे दोन भाग होते. एक सर्वांस वाचतां येणारा, आणि दुसरा, मोठें चित्र उलगडणारा, बंद पेटींतला. बंद पेटीसाठीं मुद्दाम ठेविलेली खुंटी लिनक्सच्या गाभ्यांत असूं नये, असें ठरवून ग्रेग क्रोह-हार्टमन यांनीं ती काढून टाकिली. नेमोसॉफ्ट रागावले आणि आपला सगळाच ड्रायव्हर काढून घ्या म्हणून अडून बसले. त्यांचें दुःख आम्हांस समजतें; वर्षानुवर्षें फुकट केलेल्या सेवेचें असें फळ कोणास रुचेल? तथापि तत्त्वतः क्रोह-हार्टमन यांचीच बाजू आम्हांस खरी वाटते. पुढें ल्यूक सायार या फ्रेंच गृहस्थानें ती बंद पेटी उकलून उलगडण्याची रीत शोधून काढिली आणि ड्रायव्हर पुन्हां गाभ्यांत आला. त्या वेबकॅमांचे निर्माते त्यांस विसरले तरी ते वेबकॅम लिनक्सवर चालत राहिले.

त्याच फ्रान्सांत मिशेल क्सार्ड नांवाचे एक डॉक्टर होते. ते व्यवसायानें वैद्य. पण त्यांनीं दोनशेंहून अधिक जुन्या वेबकॅमांसाठीं एकट्यानें ड्रायव्हर लिहिले. आपल्या बाजारांत तेव्हां आयबॉल, इंटेक्स, फ्रंटेक अशा नांवांनीं, किंवा कांहींच नांव नसतांना, वेबकॅम मिळत असत. वरचें नांव निराळें असलें तरी आंत अनेकदां सोनिक्स, सनप्लस किंवा व्हिमायक्रो अशा मोजक्या कारखान्यांच्याच चिपा असत. म्हणून एका चिपेचा दुभाष्या मिळाला कीं, पन्नास नांवांचे वेबकॅम बोलूं लागत. क्सार्ड यांचें हें काम जीएसपीसीए या नांवानें, झां-फ्रांस्वा म्वान यांच्या हातून नीटनेटकें होऊन, २००८ मध्यें लिनक्सच्या गाभ्यांत समाविष्ट झालें.

गुपितांचा हा गोंधळ मोठ्या कंपन्यांसहि महाग पडूं लागला असावा. सप्टेंबर २००३ मध्यें यूव्हीसी नांवाची सामाईक बोली ठरली. ती बोलणाऱ्या कोणत्याहि वेबकॅमला निराळा दुभाष्या लागत नाहीं. विंडोज एक्सपीच्या २००४ च्या दुसऱ्या सुधारणेंत तिचा समावेश झाला. तेव्हां जुन्या वेबकॅमांत दोन जाती झाल्या. यूव्हीसी जाणणारा जोडतांक्षणींच चालतो. त्याच्या आधींचा अडतो. २००७ सालीं विंडोज व्हिस्टा घरोघर आल्यावर अडचण वाढली. तिच्या ६४-बिटांच्या आवृत्तींत सही-शिक्क्यावांचून ड्रायव्हर गाभ्यांत घेतला जात नसे, आणि ३२-बिटांसाठीं लिहिलेला तर तेथें मुळींच चालत नसे. विकून झालेल्या मालासाठीं नवा ड्रायव्हर लिहून त्यावर सही करून घेण्यास कोण कशाला खर्च करील? यूव्हीसीवाल्यांसहि एकदां फटका बसलाच. ऑगस्ट २०१६ मधील विंडोज १० च्या सुधारणेनें चेपलेलें चित्र वापरणारे पुष्कळ वेबकॅम मध्येंच गोठूं लागले, आणि मायक्रोसॉफ्टला नंतर दुरुस्ती काढावी लागली.

आतां माळ्यावरचा वेबकॅम हातीं आलेल्यानें काय करावें? सिल्व्हर पार्कसारख्या वस्तींतील दुरुस्तीच्या दुकानांतून जी रीत चालते ती अशी. वेबकॅमवर छापलेल्या नांवावर विश्वास ठेवूं नये; त्याची खरी जात त्याच्या क्रमांकांत असते. प्रत्येक यूएसबी उपकरण जोडतांच दोन क्रमांक सांगतें, एक कुळाचा आणि एक व्यक्तीचा. ०४६डी हें लॉजिटेकचें कुळ. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्यें त्या उपकरणाच्या तपशिलांत हार्डवेअर आयडी म्हणून हे क्रमांक दिसतात. त्यावरून चिप कळते, आणि चिपेवरून ड्रायव्हर. मग आपली कार्यप्रणाली ३२-बिट कीं ६४-बिट हें पाहावें. जुन्या वेबकॅमांबाबत आणखी एक पथ्य आहे: आधीं ड्रायव्हर बसवावा आणि मगच तार जोडावी, उलट केल्यास विंडोज भलताच दुभाष्या नेमून मोकळी होते, आणि त्यास काढून टाकून पुन्हां आरंभ करावा लागतो. ड्रायव्हर निर्मात्याच्या स्वतःच्या ठिकाणाहूनच घ्यावा. जगांतील सर्व ड्रायव्हर फुकट देऊं म्हणणारे जे भोंदू जाळ्यावर पसरले आहेत, त्यांच्या पुडींत औषधापेक्षां विषच अधिक निघतें. घराकडे रोखलेल्या डोळ्याची किल्ली अनोळख्याच्या हातीं देण्यापेक्षां वेबकॅम माळ्यावर राहिलेला बरा.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपला, आणि नव्या आवृत्तीस अपात्र ठरलेले कित्येक चांगले संगणक लिनक्सवर नेले जाऊं लागले. अशा संगणकास तो जुना वेबकॅम जोडला असतां पुष्कळदां एक चमत्कारिक गोष्ट घडते. विंडोजनें ज्यास 'अज्ञात' म्हणून परत पाठविलें होतें, त्यास लिनक्स क्रमांकावरून ओळखते, क्सार्ड यांनीं लिहून ठेविलेला दुभाष्या गाभ्यांतून आपण होऊन पुढें येतो, आणि कोणतीहि तबकडी न मागतां पडद्यावर खोली दिसूं लागते. चित्र ६४० बाय ४८० चें, संध्याकाळच्या दिव्यांत थोडें पिवळट आणि कडेला धूसर असतें. पण समोर बसलेलें माणूस त्यांत स्पष्ट ओळखूं येतें.