यंत्राचा कान कोणाचा?

यंत्राच्या मदतीने इंग्रजी बोलायला शिकवण्याचा इतिहास बघताना आम्हांला यंत्रापेक्षा त्याच्या आडचा प्रश्न जास्त खुणावतो. बोलता येणं म्हणजे नक्की काय येणं?

१९५०-६०च्या दशकांत उत्तर सोपं होतं. सवय लागणं! टेप ऐका, म्हणा, पुन्हा म्हणा. स्पुटनिक उडाल्यावर १९५८ साली अमेरिकेने कायदा करून परभाषांसाठी पैसा ओतला आणि शाळोशाळी लँग्वेज लॅब उभ्या राहिल्या. पुढे पेनसिल्वेनियात मोठी पाहणी झाली, तर फ्रेंच-जर्मन शिकणाऱ्या लॅबवाल्या मुलांची इतरांवर आघाडी काही दिसेना. चॉम्स्कीने तर १९५९मध्येच स्किनरच्या पुस्तकाचं परीक्षण लिहून या सवयवादाचा पायाच हलवला होता. आमच्या कॉलेजात लॅब आली ती हे सगळं होऊन गेल्यावर. एरवी कुलपात, तपासणी समिती येणार म्हटलं की धूळ झटकायची.

मग संगणक आला आणि ऐकवणारं यंत्र ऐकणारं झालं. खरी कलाटणी ही. केंब्रिजच्या विट आणि यंग यांनी २००० साली एकेका ध्वनीला गुण देण्याची रीत मांडली. तुमचा ध्वनी नमुन्याशी कितपत जुळतो, याचा हिशेब यंत्र करतं.

पण नमुना कोणाचा? आपण लिहिताना 'वेस्ट' आणि 'व्हेस्ट' वेगळं लिहितो, बोलताना बरेचदा दोन्ही एकच. यंत्र गुण कापणार. समोरच्या माणसाचं अडतं का? हैदराबादला आर. के. बन्सल यांनी १९६९मध्येच भारतीयांचं इंग्रजी परक्या श्रोत्यांना कितपत कळतं हे तपासलं होतं. कॅनडात मन्रो आणि डर्विंग यांनी १९९५ साली दाखवलं, की ढब जड असूनही बोलणं पूर्ण कळू शकतं. दोन गोष्टी वेगळ्या, बरं का!

यंत्राला हा भेद कळत नाही. २०२०चा अमेरिकेतला अभ्यास बघा. पाच मोठ्या कंपन्यांच्या यंत्रणा गोऱ्यांच्या शंभर शब्दांमागे सरासरी १९ चुका करत होत्या, काळ्यांच्या शंभरांमागे ३५. इंग्रजी ज्यांची मातृभाषा, त्यांची ही गत! मग खेड्यातून आलेली आपली मुलगी मोबाईलसमोर पाच वेळा 'व्हेरी' म्हणते, लाल खूण काही हलत नाही, तेव्हा ती स्वतःलाच दोष देते. आम्ही हे पाहिलं आहे. तिचं म्हणणं आम्हांला पहिल्याच वेळी कळलं होतं.

मद्रास आयआयटीतल्या एका गटाने २०२३मध्ये देशातल्या ६५ ठिकाणच्या ११७ जणांचं इंग्रजी ध्वनिमुद्रित करून त्यावर या यंत्रांचीच परीक्षा घेतली. पोरांची नव्हे, यंत्रांची.