परकीय चलन नियमन कायदा, १९७३
परकीय चलन नियमन कायदा, १९७३ (संक्षेप: फेरा) हा परकीय चलनाच्या व्यवहारांबरोबरच भारतीय उद्योगांवरील परकीय मालकीवर नियंत्रण ठेवणारा कायदा होता. तो १ जानेवारी १९७४ रोजी अमलात आला. कलम २९ नुसार ४० टक्क्यांहून अधिक परकीय भागभांडवल असलेल्या कंपन्यांना व्यवसाय चालू ठेवण्यासाठी रिझर्व्ह बँकेची परवानगी आवश्यक ठरली. प्रगत तंत्रज्ञान वापरणाऱ्या व निर्यातप्रधान उद्योगांना सवलत होती. अनेक कंपन्यांनी भारतीयांना समभाग विकून परकीय हिस्सा घटविला. त्यामुळे सामान्य गुंतवणूकदारही त्यांचे भागधारक झाले. कोका-कोला व आयबीएम यांनी मात्र जनता सरकारच्या काळात भारत सोडला. १९९१ च्या औद्योगिक धोरणाने अग्रक्रमाच्या उद्योगांत ही मर्यादा ५१ टक्क्यांपर्यंत शिथिल केली. १ जून २००० पासून फेराची जागा परकीय चलन व्यवस्थापन कायद्याने (फेमा) घेतली.