जुन्या टीव्हीचा उजेड

मेळाव्यात दाखवायच्या फिल्मला जुन्या टीव्हीचं रूप द्यायचं, असं बैठकीत ठरलं. संगणकाची नोकरी म्हणून काम माझ्या गळ्यात पडलं. पहिला नमुना बाईंना दाखवला. त्या म्हणाल्या, "सगळे काळवंडले रे. आपला कबड्डीचा कॅप्टन यात कुठला?" तो आता आपल्यात नाही, म्हणून ते जास्तच लागलं.

आपल्याकडे रंगीत प्रक्षेपण १५ ऑगस्ट १९८२ ला सुरू झालं, पाठोपाठ दिल्लीचं एशियाड आलं. हुडकेश्वरात आमच्या ओळीत मात्र १९८७ साली ‘रामायण’ लागलं तेव्हाही एकच टीव्ही होता, तोही ब्लॅक अँड व्हाइट. दारात चपलांचा ढीग. ते चित्र अंधारलेलं होतं, असं आठवतं का कुणाला?

दूरदर्शनचं चित्र ६२५ आडव्या रेषांचं, सेकंदाला २५ वेळा. रंगीत ट्यूबमध्ये काचेमागे बारीक भोकांचा पत्रा असे, शॅडो मास्क. सुमारे चार-पंचमांश इलेक्ट्रॉन त्या पत्र्यावरच अडत. तरी चित्र लख्ख, कारण मागे सुमारे २५ हजार व्होल्टचा जोर!

मी शेडर लिहिला, म्हणजे पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्याचा रंग ठरवणारा छोटा प्रोग्राम. त्यात रेषांमधल्या काळ्या फटी आणल्या, निम्मा उजेड गेला. लाल-हिरव्या-निळ्या पट्ट्या आणल्या, उरलेल्याचा तिसरा हिस्सा राहिला. सावली तेवढी उतरवली आणि व्होल्ट विसरलो. मग सरसकट सहापट उजेड वाढवला, तर पांढरे सदरे मागच्या भिंतीत विरघळले.

उपाय जुन्या ट्यूबनेच सुचवला. चित्र जिथे उजळ, तिथे इलेक्ट्रॉनचा झोत जाड होई आणि फटी जवळजवळ बुजत. रेषा दिसत त्या सावलीच्या भागात. तसंच केलं. पट्ट्याही उजळ भागात फिकट केल्या. शिवाय हिशेब खऱ्या प्रकाशात मांडला. फाइलमधला अर्धा आकडा म्हणजे अर्धा उजेड नव्हे, जेमतेम पाचवा हिस्सा. माझी अर्धी चूक इथेच होती.

परवा बाईंना पुन्हा दाखवलं. १९८८ च्या संमेलनाचा फोटो आला आणि त्यांनी चष्मा न लावताच बोट ठेवलं. मागची रांग, डावीकडून तिसरा.