स्कूबाच्या कार्डाची कुळकथा

१९५०च्या सुमारास लॉस एंजेलिसमध्ये खेळाच्या सामानाच्या दुकानात अ‍ॅक्वा-लंग मिळायचं. पाण्याखाली श्वास घेण्याचं ते उपकरण विकत घ्यायला खिशात पैसे असले की झालं. परवाना कुणी विचारत नसे, कारण तो देणारंच कुणी नव्हतं. टाकी पाठीला बांधायची, नळीचं तोंड दातांत धरायचं आणि समुद्रात शिरायचं. आज परक्या गावच्या डाइव्ह सेंटरवर गेलात, तर टाकी हातात देण्याआधी तुमचं प्रशिक्षणाचं कार्ड मागतात. हा बदल सरकारने केला नाही. पाण्यात उतरणाऱ्यांनीच तो घडवून आणला.

अ‍ॅक्वा-लंग १९४३ सालचं, जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समधलं. नौदल अधिकारी झाक कुस्तो आणि इंजिनिअर एमिल गान्यां यांनी ते तयार केलं. युद्धात पेट्रोल मिळेना, म्हणून गाड्या गॅसवर चालवायला गान्यांने एक झडप बनवली होती. तिच्यातच फेरफार करून माणसाने श्वास ओढला की भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्या दाबाची हवा देणारा रेग्युलेटर साधला. उपकरण वापरायला इतकं सोपं, की शिकायचं काय असा प्रश्न पडावा. घात तिथेच होता.

दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे टाकीतून छातीभर घेतलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट होऊ पाहते. नुसता दम धरून बुडी मारणाऱ्याला ही भीती नसते. त्याने वरूनच नेलेली हवा वर येताना पुन्हा मूळच्या आकाराला येते. स्कूबावाला मात्र खालची हवा घेऊन निघतो. तो घाबरला, श्वास कोंडून वर झेपावला, तर फुप्फुस फाटतं आणि हवेचे बुडबुडे रक्तातून मेंदूपर्यंत जाऊ शकतात. एवढं घडायला पोहण्याच्या तलावाचा खोल भागही पुरतो. म्हणजे उत्तम पोहणाऱ्यालाही दम धरण्याची, पाण्यातली आपली सगळ्यात जुनी सवय मोडावी लागते, आणि ती एकट्याने मोडत नाही.

हे आधी ओळखलं ते शास्त्रज्ञांनी. कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेत कॉनरॅड लिंबॉने आपल्या सहकाऱ्यांसाठी पद्धतशीर प्रशिक्षण आखलं. १९५४मध्ये लॉस एंजेलिस काउंटीच्या क्रीडा विभागातला अल टिलमन आणि जीवरक्षक बेव्ह मॉर्गन त्याच्याकडे शिकायला गेले. परतल्यावर त्यांनी सामान्य नागरिकांसाठी वर्ग काढले, आणि पुढच्याच वर्षी शिकवणाऱ्यांनाच शिकवणारा कोर्स. मला या साऱ्या इतिहासात हे पाऊल सर्वांत मोठं वाटतं. डायव्हर तयार करणं एक, आणि शिक्षकाची पारख करणं वेगळं; कार्डाला किंमत आली ती दुसऱ्या गोष्टीमुळे.

ब्रिटनमध्ये १९५३पासून डायव्हरांचा क्लब होताच. त्याच्या डायव्हरांना तिसरा, दुसरा, पहिला असे वर्ग होते. १९५९मध्ये मोनाकोत डायव्हरांचा जागतिक महासंघ स्थापन झाला, पहिला अध्यक्ष कुस्तोच. तिथे पुढे वर्गांऐवजी तारे आले. अमेरिकेत १९६०मध्ये टिलमन आणि नील हेस यांनी नाउई ही शिक्षकांची राष्ट्रीय संघटना उभी केली.

तोवरचं शिक्षण बरंचसं लष्करी थाटाचं होतं. शिकाऊचा मास्क अचानक ओढायचा, हवा बंद करायची आणि तो टिकतो का ते बघायचं. १९६६मध्ये जॉन क्रोनिन आणि पोहण्याचा प्रशिक्षक राल्फ एरिक्सन यांनी पॅडी ही प्रशिक्षण संस्था काढली. एरिक्सनने शिक्षणाचे छोटे तुकडे पाडले: एक कौशल्य हातात बसलं की मगच पुढचं. कोर्स आखूड झाले म्हणून जुन्या मंडळींनी नाकं मुरडली. मला एरिक्सन पटतो, कारण भेदरलेला माणूस काही शिकत नाही. मात्र त्याने पायऱ्या पाडल्या त्या चढत राहण्यासाठी, आणि पुष्कळजण पहिल्या कार्डावरच थांबतात, ही खंत खरी आहे.

त्या पहिल्या कार्डावर, ओपन वॉटरवर, १८ मीटरपर्यंत जाता येतं, अ‍ॅडव्हान्स्डवर ३०. पुढच्या रेस्क्यूमध्ये लक्ष स्वतःवरून जोडीदाराकडे वळतं. ओपन वॉटरच्याच कोर्समध्ये एक कसोटी असते: हवा संपली असं समजून सहा ते नऊ मीटरवरून एका दमात वर यायचं. रेग्युलेटर तोंडातच ठेवायचा, हात वर, नजर वर, आणि सबंध वाटेत ‘आऽऽ’ असा आवाज काढत राहायचं. आवाज चालू आहे म्हणजे गळा उघडा आहे, वाढणारी हवा बाहेर पडते आहे. शिक्षक कानाने परीक्षा घेतो. मालवणात सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पर्यटक करतात त्या स्कूबात हे नसतं. तिथे गाइड शेवटपर्यंत तुम्हाला धरून असतो. ती झलक. कार्ड हवं तर पर्यटन महामंडळाच्या तारकर्लीच्या संस्थेत रीतसर कोर्स करता येतो.

हे सगळं शिक्षण मात्र समुद्रापुरतं. स्क्रिप्समध्ये प्रशिक्षण आखणारा लिंबॉ मार्च १९६०मध्ये वारला. फ्रान्समध्ये कासीजवळच्या पोर-म्यूच्या पाण्याखालच्या गुहेत तो वाट चुकला. समुद्रात त्याच्याइतके अनुभवी फार थोडे होते, पण गुहेत डोक्यावर पृष्ठभाग नसतो. संकट आलं की वर निघून जाता येत नाही. पुढे फ्लोरिडातल्या शेक एक्सलेने गुहांमधले मृत्यू एकेक करून तपासले आणि १९७९मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. बाहेरपर्यंत अखंड दोरी हवी, आणि हवेचा एक तृतीयांश जायला, एक यायला, उरलेला अडचणीसाठी राखायचा, हे नियम त्याने त्या नोंदींच्या आधारे ठासून मांडले. गुहेचं शिक्षण आज वेगळंच असतं, त्याचं कार्डही वेगळं. समुद्रातलं कितीही वरचं कार्ड तिथे चालत नाही.