बैठकीला कोण कोण आहे?

साल 1968. तुम्ही अठरा वर्षांचे आहात, माण तालुक्यातून आलेले, पिंपरीत टेल्को या टाटांच्या ट्रक कंपनीत फिटर ट्रेडचे अप्रेंटिस. समोर व्हाइसमध्ये लोखंडाचा ठोकळा आवळलेला, हातात कानस. काम एवढंच, की ठोकळ्याच्या बाजू एकमेकींशी काटकोनात आणायच्या. तुम्ही घासता, ठोकळा सोडवता, गुण्या लावता आणि उजेडाकडे धरून बघता. मधून उजेडाची रेघ दिसली की पुन्हा व्हाइस, पुन्हा कानस. तिसऱ्या दिवशी तळहाताला फोड येतात. इन्स्ट्रक्टर जवळ येतात, स्वतः गुण्या धरतात आणि म्हणतात, "अजून फट आहे."

ट्रक कुठे आहे, असं तुम्ही विचारू नका. इथे अजून ट्रक बनत नाही. 1966 साली इथे कामाला सुरुवात झाली, ती माणसं शिकवण्यापासून आणि यंत्रं घडवणारी यंत्रं तयार करण्यापासून. टेल्कोचे कर्तेधर्ते सुमंत मूळगावकर यांनी या उजाड माळावर तळं केलं, हजारो झाडं लावली. पुण्याच्या कारखान्यातून पहिला ट्रक बाहेर पडेल 1977 साली. तोवर तुमच्या बॅचची पोरं न दिसणाऱ्या गाडीसाठी हात बसवत राहणार आहेत. संध्याकाळी खोलीवर सहा जण एका स्टोभोवती बसता तेव्हा गप्पा याच असतात. पर्मनंट झालो की काय करायचं? गावाकडं विहीर खणायची, धाकट्याला शिकवायचं, की इथेच राहायचं?

आता तेरा वर्षं पुढे या.

1981 मधला एक रविवार. तुमची कालची सेकंड शिफ्ट होती, डोळे अजून चुरचुरताहेत. निगडीच्या प्राधिकरणात एका मोकळ्या सेक्टरवर, बाभळीच्या सावलीत सतरंजी अंथरली आहे. नवनगर विकास प्राधिकरण 1972 साली झालं. कारखान्यांभोवती वाढणाऱ्या वस्तीला आखीव नगर मिळावं, हा त्यामागचा हेतू. चार ग्रामपंचायती एकत्र करून 1970 मध्ये झालेली पिंपरी-चिंचवड नगरपालिका पुढच्याच वर्षी, 1982 ला, महानगरपालिका होणार आहे. पण सतरंजीवर बसलेल्यांना त्याचं फारसं काही नाही. त्यांना घर हवं आहे.

सहकारी गृहरचना संस्था काढायची तर किमान दहा सभासद लागतात. मोजणी होते. असेंब्लीतले तात्या, पेंट शॉपमधले दोघे, शेजारच्या स्कूटरच्या कारखान्यातला एक, शाळामास्तर एक. दहा भरतात. तात्यांना मुख्य प्रवर्तक करतात, कारण त्यांचं अक्षर चांगलं आहे आणि पैशाच्या बाबतीत त्यांच्यावर सगळ्यांचा भरवसा आहे. प्लॉट नव्व्याण्णव वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळणार. वहीत हिशेब मांडला जातो. पीएफमधून किती उचलता येईल, पतसंस्था किती देईल, आणि 1977 ला निघालेली ती एचडीएफसी पगारदाराला घरासाठी कर्ज देते म्हणतात, तिथे कोण जाऊन येणार?

मग नकाशा उघडतो आणि वाद सुरू होतो. मास्तर म्हणतात, मोटारींसाठी जागा सोडा. सगळे हसतात. इथे एकाच्या घरीसुद्धा मोटार नाही. मास्तर हसत नाहीत. "आपल्याकडं नसेल. पोरांकडं येईल." तात्या पेन्सिलीने मागची भिंत चार फूट आत घेतात. सतरंजीच्या कडेला उभ्या असलेल्या एक वहिनी पहिल्यांदाच बोलतात, "गच्ची सामाईकच ठेवा, भावजी. वाळवण घालायचं कुठं?" तेही लिहून घेतलं जातं. वीस वर्षांनंतरचा दिवस असा इथे पेन्सिलीने आखला जातोय, आणि आखणारे थर्ड शिफ्टला जाणारे, अर्धवट झोपेतले लोक आहेत. या पट्ट्यातल्या अनेक सोसायट्या अशाच उभ्या राहिल्या, आणि मला त्यांचा अतिशय अभिमान वाटतो.

पण तुम्ही तिथे आहात, तर मान जरा वळवा. शेजारच्या बांधावर एक शेतकरी उभा आहे. जिथे सतरंजी आहे तिथे काही वर्षांपूर्वीपर्यंत त्याची ज्वारी होती. संपादनाच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळावी, ही प्राधिकरणातल्या भूमिपुत्रांची मागणी पुढची कित्येक दशकं निवेदनांमधून, मोर्च्यांमधून फिरत राहणार आहे. त्याला कुणी हाकललेलं नाही. बसायलाही कुणी सांगितलेलं नाही.

ते राहून गेलं, त्याची किंमत बघायला 2011 मध्ये चला. तुमची सोसायटी उभी आहे, मास्तरांनी सोडवलेल्या जागेत मोटारी आहेत, शहराची लोकसंख्या 17 लाखांच्या पुढे गेली आहे. त्या लोकसंख्येला पाणी हवं म्हणून पवना धरणापासून बंद जलवाहिनी आखली गेली. 9 ऑगस्टला मावळातले शेतकरी तिच्या विरोधात बऊरजवळ द्रुतगती मार्गावर उतरले, पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन माणसं गेली. काम थांबलं. 2019 च्या नोव्हेंबरपासून शहराला दिवसाआड पाणी येतं. धरणाकाठचा माणूस आणि नळाजवळचा माणूस उद्याचा विचार एकत्र बसून करत नसतील तर दोघांचाही उद्या अडकतो, हे मावळानं आपल्याला फार महागात शिकवलं.

आता आजच्या दिवसात या, आणि पुन्हा वीस वर्षांचे व्हा. या वेळी तुम्ही महाळुंग्यात आहात, चाकण एमआयडीसीत. लातूरकडून आलात. खोली कॉट बेसिसवर आहे. तुम्ही नाइटला गेलात की तुमच्या कॉटवर डे शिफ्टचा झोपतो. गेटपासवर कंपनीचं नाव नाही, ठेकेदाराचं आहे. ज्या आकुर्डीतली स्कूटर घरोघरी गेली, तिथला जुना कारखाना 2007 ला बंद झाला आणि 2022 ला त्याच आकुर्डीत विजेवरच्या चेतकचा नवा कारखाना सुरू झाला. चाकणमध्येही विजेवरच्या मोटारी बनू लागल्या आहेत. त्यांना पिस्टन नाही, क्लच नाही, सायलेन्सर नाही. हे भाग बनवणाऱ्या छोट्या वर्कशॉपमधल्या माणसाने उद्या काय शिकायचं? 1968 मध्ये तुम्हाला ट्रकच्या नऊ वर्षं आधी कानस दिली गेली होती. आज तुमच्या हातात आधी काय ठेवायचं, हे कोण ठरवतंय? आणि ठरवणाऱ्यांत तुम्ही आहात का?

तात्यांसारखी दहा माणसं जमवणं तुम्हाला जड आहे, हे मला मान्य आहे. अकरा महिन्यांच्या कामावर वीस वर्षांचं कर्ज मिळत नाही. तात्यांच्या मागे युनियन होती, करार होता, दर महिन्याची पगाराची स्लिप होती. तरीही एक जागा तुमच्यासाठी आहे. गावाच्या मतदार यादीत ज्याचं नाव, तो ग्रामसभेचा सदस्य. तुमचं नाव अजून लातूरच्या यादीत आहे आणि म्हणून पाण्याच्या टाकीबद्दल, खोल्यांच्या भाड्याबद्दल, कचऱ्याबद्दल, प्रशिक्षण केंद्राबद्दल तुमच्या वतीने बोलणारं इथे कुणी नाही. नाव इथे बदलून घ्या. खोलीतल्या सगळ्यांचं घ्या.

मग 26 जानेवारीला, 1 मेला, 15 ऑगस्टला किंवा 2 ऑक्टोबरला सभेची नोटीस लागेल तेव्हा जा. ज्याची जमीन एमआयडीसीत गेली तो शेतकरी तिथे असेलच. या वेळी त्याच्या शेजारी बसा. आधी त्याचं ऐका, मग तुमची खोली आणि तुमचं पाणी मांडा, आणि दोन्ही गोष्टी एकाच ठरावात लिहून घ्यायला लावा.