तपासणी होईतो ठेवावे कोठे?

धर्मग्रामात सेवा करताना एक विनंती आमच्या कानी अनेकदा आली आहे : "फादर, पोरगा आता आवरत नाही. तुम्ही चिठ्ठी द्या, म्हणजे इस्पितळवाले त्याला ठेवून घेतील." बोलणाऱ्या मातेच्या डोळ्यांत कित्येक रात्रींचे जागरण असते. तिची व्यथा खरी आहे. परंतु धर्मगुरूच्या चिठ्ठीने कोणाचे स्वातंत्र्य काढून घेता येत नाही, आणि ते योग्यच आहे.

ज्याच्या मनाची तपासणी त्याच्या इच्छेविरुद्ध करावयाची, त्याला तोवर ठेवावे कोठे? या प्रश्नाचा इतिहास आपणांस अंतर्मुख करणारा आहे.

१९१२ च्या 'इंडियन ल्युनसी ॲक्ट'नुसार, भटकणारा माणूस वेडा असावा असे वाटल्यास पोलिसांनी त्याला पकडून दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावयाचे होते. पुढील तपासणी सरकारी डॉक्टर करीत. त्यासाठी एका वेळी १० दिवस, असे एकूण ३० दिवसांपर्यंत त्याला 'योग्य ताब्यात' ठेवता येई. व्यवहारात हा योग्य ताबा पुष्कळदा तुरुंगाचा असे. कायद्यातील दिवस संपत. कोठडी संपत नसे. ज्यांनी कोणताही गुन्हा केला नव्हता, अशी माणसे कैद्यांमध्ये खितपत पडली.

१९८७ चा मानसिक आरोग्य कायदा १९९३ च्या एप्रिलमध्ये अमलात आला. त्याच वर्षी, पत्रकार शीला बरसे यांच्या याचिकेवर, गुन्हा न केलेल्या मनोरुग्णांना तुरुंगात डांबणे बेकायदा व घटनाविरोधी आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला. तरीही साखळदंड सुटले नाहीत. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे एका खासगी आश्रयस्थानास आग लागली. साखळ्यांनी बांधलेल्या रुग्णांना पळता आले नाही. २८ जीव गेले.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने, जो २०१८ साली अमलात आला, साखळीने बांधण्यास मनाई केली. पोलिसांना भटकणारा रुग्ण आढळल्यास २४ तासांच्या आत त्याला जवळच्या सरकारी रुग्णालयात न्यावे लागते. कोठडीत ठेवता येत नाही. दंडाधिकारी तपासणीसाठी फार तर १० दिवस दाखल करण्याचा आदेश देऊ शकतो. रुग्णाच्या प्रतिनिधीने दाखल करण्याची विनंती केल्यास दोघा तज्ज्ञांनी त्याला स्वतंत्रपणे तपासावयाचे असते, आणि प्रारंभीची मुदत ३० दिवसांहून अधिक नसते. या निर्णयाविरुद्ध मंडळाकडे दाद मागण्याचा हक्क खुद्द रुग्णालाही आहे.

म्हणून त्या मातेला आम्ही आता चिठ्ठी देत नाही. तिच्याबरोबर डॉक्टरांकडे जातो. मात्र एक गोष्ट तिला आवर्जून सांगतो. तपासणीची मुदत कायदा ठरवील, कोठडीचे दारही तो बंद करील. परंतु मुदत संपल्यावर लेकराला घरी आणण्याचे काम कोणताही कायदा करू शकत नाही. ते आपल्यालाच करावयाचे आहे.