चर, देग आणि घेवडा

सातारा-सांगलीचा इतिहास लिहिणाऱ्यांनी गड मोजले, सनदा वाचल्या, तहांच्या तारखा लावल्या. पण शे-दोनशे माणसांचे जेवण जमिनीत खणलेल्या आगीवर कसे शिजत आले, हे लिहून ठेवावे असे फारसे कुणाला वाटले नाही. स्वयंपाकाला दफ्तर नसते. १८८५ साली सातारा जिल्ह्याचे गॅझेटियर निघाले. त्यात माती, पिके, जाती-जमाती यांच्या नोंदी आहेत. रात्रभर जागून चरात लाकूड सरकवणाऱ्याचा हात अशा नोंदीत मावत नाही. मग तो इतिहास आम्हीच सांगितला पाहिजे, कारण तो आमच्या घरचा आहे.

आधी एक खुलासा. सातारा आणि सांगली ही दोन नावे आम्ही एका दमात घेतो, त्याला कारण आहे. १९४९ साली पटवर्धनी संस्थानांचा मुलूख आणि जुन्या सातारा जिल्ह्याचे दक्षिणेकडील तालुके मिळून 'दक्षिण सातारा' जिल्हा झाला. १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. कागदावरची रेघ अशी अलीकडची आहे. सोयरिकी, उरूस, कंदुऱ्या आणि मसाला या रेघेच्या दोन्ही बाजूंना एकच. कडेगावची पोरगी खटावात दिली जाते, कराडची मिरजेत, आणि मोहरमला सगळा कबिला कुठल्या तरी एका अंगणात गोळा होतो. त्या गोळ्याला घरातली चूल पुरत नाही. तेव्हा कुदळ काढावी लागते.

चर म्हणजे नुसता खड्डा नव्हे. देगेच्या बुडापेक्षा थोडा अरुंद, दीड हात खोल आणि जितक्या देगा तितका लांब असा तो खणायचा. तोंड वाऱ्याकडे ठेवायचे. दुसऱ्या टोकाला धूर निघायला वाट. काठावर दगड बसवून त्यावर देग. काळ्या मातीत चराच्या कडा ढासळतात, मुरमात त्या नीट उभ्या राहतात, म्हणून जाणते लोक अंगणात मुरुमाची जागा हेरून ठेवतात. एकदा बाजू तापल्या की माती स्वतःच शेकू लागते. वारा आग पळवत नाही, सरपण निम्म्यात भागते, आणि जड देग जमिनीलगत राहिल्याने घोटणाऱ्याला उभ्याने जोर लावता येतो. शेवटी लाकडे ओढून घ्यायची, निखारे तेवढे खाली ठेवायचे, थोडे झाकणावर पसरायचे, झाकणाची फट कणकेने लिंपायची. यालाच दम देणे म्हणतात. 'आईने-अकबरी'त बादशाही मुदपाकखान्यातल्या पदार्थांत दमपुख्त आहे. आमच्याकडे तो बाभळीच्या लाकडावर आणि उसन्या आणलेल्या देगेत होतो, एवढाच फरक.

या भागात जमिनीशी असा व्यवहार नवा नाही. गुऱ्हाळाचे चुलवाण जमिनीतच असते. वर काहील, खाली चिपाडांचा जाळ. हुरड्याची आगटी शेतातल्या खळग्यात. सांगलीजवळ हरिपूरला हळद साठवायची पेवे जमिनीत खोल खणलेली होती. २००५ च्या महापुराने त्यातली कितीतरी निकामी केली. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजने उत्खनन केले तेव्हा तीन हजार वर्षांहून जुन्या घरांतून चुली मिळाल्या, धान्य ठेवायचे खड्डे मिळाले आणि कडधान्यांचे दाणेही मिळाले. दख्खनचा माणूस धर्म कोणता हे ठरण्याच्या कितीतरी आधी डाळ शिजवत होता.

मात्र आमच्या चरावर जो घेवडा शिजतो तो त्या मानाने काल आलेला पाहुणा आहे. राजमा-घेवड्याचे मूळ अमेरिका खंडात. मिरची, बटाटा, मका यांच्यासारखा तोही पोर्तुगीज वगैरे दर्यावर्दी आल्यानंतरच इकडे पोहोचला. आमच्या पूर्वजांच्या ताटात पावटा, हुलगा, मसूर, मूग, चवळी होती. आणि आज कोरेगाव तालुक्याचा वाघ्या घेवडा, फिकट दाण्यावर वाघाच्या अंगासारखे लाल पट्टे असलेला, २०१६ साली भौगोलिक मानांकन घेऊन बसला आहे. बाहेरून आलेला कोण आणि मूळचा कोण, हा प्रश्न घेवड्याला कुणी विचारत नाही. चार पिढ्या या मातीत उगवला, कांदा-लसूण मसाल्याशी त्याचे जमले, संपले. हा न्याय सगळ्यांनाच लावला असता तर बरे झाले असते, असे कधीकधी वाटून जाते.

घेवडा शिजवण्याचा कायदा कडक आहे. रात्रभर भिजत घालायचा, ते पाणी ओतून टाकायचे, नव्या पाण्यात आधी जाळ मोठा करून खळखळून उकळी आणायची आणि मगच निखाऱ्यावर सोडायचा. आंबट आणि मीठ शेवटी. दादी म्हणायची, "उकळी न खाल्लेला घेवडा माणसाला खातो." त्यात अतिशयोक्ती नव्हती. कच्च्या राजमा-घेवड्यात एक विषारी प्रथिन असते; दहा मिनिटे चांगली उकळी मिळाली की ते मोडते, पण नुसत्या मंद आचेवर ठेवले तर उलट अधिक त्रास देते. चिंच-टोमॅटो आधी टाकले तर साल कडक होऊन दाणा मऊ होत नाही, हेही आता शास्त्र सांगते. दादीला प्रथिन ठाऊक नव्हते. एखाद्या पंगतीत कुणाचे तरी पोट बिघडले असेल आणि नियम झाला असेल.

आग जमिनीत आणि दाणे आगीत ही कल्पना फार दूरवर पसरलेली आहे. कैरोत हमामाच्या राखेत रात्रभर पुरून ठेवलेल्या हंड्यांतून सकाळी फूल, म्हणजे बाकल्याच्या शेंगांचे दाणे, विकले जात. स्पेन आणि मोरोक्कोचे यहुदी शब्बाथच्या आधी हरभरे, घेवडा आणि मांस यांचा हंडा निखाऱ्यात पुरून ठेवत, कारण शब्बाथला विस्तव पेटवायचा नसतो. त्या पदार्थाचे नाव दफीना. अरबी शब्द, अर्थ 'पुरलेली'. आपल्या बोलीतला दफन त्याच धातूचा. अमेरिकेच्या ईशान्य टोकाला मेन राज्यात तिथल्या मूळ रहिवाशांची रीत लाकूडतोड्यांनी उचलली आणि आजही तिथे खड्ड्यात घेवड्याचा हंडा पुरून गावजेवण घालतात. बगदादच्या दहाव्या शतकातल्या अल-वर्राकच्या पाकग्रंथात हरीसा आहे, गहू आणि मांस रात्रभर शिजवून घोटलेला. आमचा खिचडा त्याच खानदानातला, फक्त इथे येऊन त्याने चार-पाच डाळी पोटात घेतल्या. तुर्कस्तानात आशुऱ्याला गहू, हरभरे, घेवडा आणि सुकामेवा एकत्र शिजवतात आणि नूह नबीची नौका किनाऱ्याला लागल्यावर उरलेसुरले दाणे एका भांड्यात घातले, तिथून ही रीत निघाली असे सांगतात. उरलेसुरले दाणे! आमच्या बायकाही खिचड्यासाठी डबे झाडूनच डाळी काढतात.

मोहरममध्ये जमिनीतली आग दोन जागी असते. एक अलाव्यात, पंजांच्या जागेसमोर. 'कानून-ए-इस्लाम' या जाफर शरीफ यांच्या, १८३२ साली लंडनला छापलेल्या पुस्तकात अलाव्याचे आणि कुदळ मारण्याच्या विधीचे वर्णन आहे. दुसरी आग खिचड्याच्या चरात. पहिलीवर पुस्तके निघाली, दुसरीवर जेवून लोक घरी गेले. कडेगावचे गगनचुंबी ताबूत पाहायला दूरदूरचे लोक येतात, ते ताबूत हिंदू-मुसलमान मिळून बांधतात. मिरजेच्या ख्वाजा शमना मीरांच्या उरुसात पहिल्या गलेफाचा मान चर्मकार समाजाचा. हे सगळे अभिमानाने सांगितले जाते आणि सांगावेच. पण गलेफ वर्षातून एकदा चढतो. पंगतीला शेजारी बसणे ही त्याहून अवघड गोष्ट आहे, आणि तिची सोय चराने केलेली होती.

ती सोय अशी. एकाच चरावर दोन देगा. एक गोश्ताच्या खिचड्याची, दुसरी बिनगोश्ताची, घेवड्याची. माळकरी शेजारी, उपासवाले, आणि ज्यांना आमच्याकडचे गोश्त चालत नाही ते सगळे दुसऱ्या देगेचे. पळ्या वेगळ्या, घोटण्या वेगळ्या, देगही शेजारच्या तालमीतली किंवा देवळातली. आग मात्र एकच. कुणी म्हणेल, ही तर शिवाशिव पाळणेच झाले. असेल. आम्हाला ते कुणाला न दुखावता एकत्र जेवण्याचे शहाणपण वाटते. शिवाय खरे सांगायचे तर आमच्यातलेही कित्येक जण गुपचूप दुसऱ्या देगेकडे सरकत.

एक गोष्ट या कौतुकात राहून जाते. चर पुरुषांचा. खणणे, जाळ, घोटणे, वाढणे, आणि शेवटी वाहवा घेणे, सगळे पुरुषांचे. त्याआधी दोन दिवस फुफी, खाला, भाभी परातीत मान घालून घेवडा निवडतात, खडे काढतात, गहू सडतात, कांदे चिरतात. पंगतीतही त्या शेवटी बसतात, देगेच्या बुडाशी जे लागलेले असेल त्यावर. भटारी कुठला होता हे लोकांच्या लक्षात राहते. निवडणारीचे नाव कुणी विचारत नाही.

चांद्र वर्ष शेतीच्या वर्षाला जुमानत नाही, तेही चराला सोसावे लागते. २०१७ साली आशुरा १ ऑक्टोबरला आला, घेवडा नुकताच निघालेला, तासाभरात मऊ. २०२५ साली तो ६ जुलैला आला. दाणा वर्षाचा जुना, शिजायला हट्टी, आणि वर पाऊस. चरावर पत्रे घालावे लागले.

पावसापेक्षा मोठे बदल वेगळे आहेत. २०१५ च्या कायद्याने राज्यात बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली. गरिबाच्या देगेत जे गोश्त पडत होते ते गेले, बकऱ्याचे परवडत नाही; तेव्हापासून कित्येक घरांत पहिली देग लहान आणि दुसरी मोठी होत गेली. इस्लामपूरचे ईश्वरपूर करण्याचा निर्णय २०२५ साली झाला. त्या वाटेवरच्या ढाब्यांवर अख्खा मसूर मात्र पूर्वीसारखाच मागवला जातो. आणि १० सप्टेंबर २०२३ च्या रात्री खटाव तालुक्यातल्या पुसेसावळीत, समाजमाध्यमांवरच्या मजकुराचे निमित्त होऊन मशिदीवर हल्ला झाला, एका तरुणाचा जीव गेला. पुसेसावळी आमच्या सोयरिकीच्या पट्ट्यातले गाव. त्यानंतर आमच्या कबिल्यात पहिल्यांदा असा प्रश्न निघाला की चर अंगणात खणायचा की परसात, शेजाऱ्यांना बोलावणे धाडायचे की त्यांनी आपण होऊन यायची वाट पाहायची. तरुण मुले म्हणाली, हॉल घेऊ, गॅसच्या शेगड्या लावू, दार लावून जेवू. त्यांचे म्हणणे भ्याडपणाचे नव्हते; त्यांच्या मोबाइलवर जे येते ते आमच्या दादीने कधी पाहिले नव्हते.

दोन-तीन बैठका झाल्या. मोठे अब्बा काही बोलले नाहीत. एका संध्याकाळी वरच्या आळीतले पाटील देग कधी न्यायला येताय म्हणून विचारायला आले. घासून ठेवलीय, म्हणाले. चर अंगणातच खणला. हाताला सवय राहिली नाही म्हणून तो दीड हाताऐवजी जेमतेम हातभर खोल झाला, लाकूड जास्त लागले, आणि घेवड्याची देग खिचड्याच्या आधी संपली.